सासूबाईंना डिमेन्शिया, दिरांनी पाठवलंय टार्गेटचं एक्सेल. ध्येयं ठरवायची तरी कशी?

मागीलदार_मालवण

नमस्कार मंडळी, इथे नेहमी नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाई वय ७६, अल्झायमर आहे म्हणून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात निदान झालं त्याला दोनेक वर्षं झाली. आम्ही मालवण तालुक्यात गावातच राहतो, मी, मिस्टर, आई आणि बारावीतला मुलगा. डोनेपेझिल (अल्झायमरची गोळी) चालू आहे, बीपीची गोळी आहे, बाकी शुगर वगैरे काही नाही. चालतात, हाताने जेवतात, बोलतात पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, आंघोळ म्हटलं की कटकट, मला कधी सून म्हणतात कधी स्वतःची नणंद समजून जुनी भांडणं काढतात (ती नणंद जाऊन बरीच वर्षं झाली, मला तिच्या वाटणीचं ऐकावं लागतं). तिन्हीसांजेला पडवीच्या पायरीवर येऊन बसतात आणि "माका घराक जावचा आसा" सुरू होतं. माहेर आचऱ्याकडे, तिथे आता घराला कुलूप.

आता मूळ विषय. धाकटे भाऊजी मुंबईला असतात. त्यांनी नेटवर काय काय वाचून एक्सेल शीट बनवून पाठवलीय, आईचे वेलनेस गोल्स म्हणून. रोज ४००० पावलं, पेपरातलं शब्दकोडं, नातवंडांची नावं रोज पाठ करून घ्यायची, दोन वेळा प्राणायाम, आठ ग्लास पाणी, गोड बंद, टीव्ही एकच तास. प्रत्येकापुढे टिक करायची आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर आढावा! त्या कॉलवर पहिला प्रश्न, "आई, सांग बघू हा कोण?" परवा आई म्हणाल्या, "माका परत शाळेत घातलंस काय रे?" आणि उठून आत गेल्या, मग रात्रीपर्यंत कुणाशी धड बोलल्या नाहीत. शब्दकोड्याचं तर विचारूच नका, आई चौथी शिकलेल्या, पेपर त्यांनी आयुष्यात मासे गुंडाळायला वापरला.

भाऊजी वाईट नाहीत हो, औषधाचे पैसे वेळेवर पाठवतात, काळजी आहे म्हणूनच करतात. आणि डॉक्टरपण म्हणालेच होते की दिवस रिकामा ठेवू नका, काहीतरी उद्दिष्टं ठरवा. म्हणजे ठरवायला हवीत हे मलाही पटतंय, पण कसली? मोजायचं कसं? आणि हे भाऊजींना सांगायचं कसं, कारण आता चतुर्थीला सगळे येणार आणि मला सणात तोंडातोंडी नकोय.

गुहागरचा_पोस्टमन

वहिनी, सगळं लिहिलंत पण आई आजारपणाआधी दिवसभर काय करायच्या ते लिहिलंच नाहीत. आधी ते सांगा, बाकी मग.

आमचे बाबा पोस्टात होते, त्यांनाही हेच दुखणं, व्हॅस्क्युलर म्हणजे छोटे छोटे झटके येऊन झालेलं. आम्ही त्यांना कोडीबिडी काही दिली नाहीत. जुनी लग्नपत्रिका, लाइटबिलं, पाकिटं असा एक गठ्ठा करून दिला, ते सकाळी टेबलावर बसून गावाप्रमाणे लावायचे, शृंगारतळी वेगळं, पालशेत वेगळं, अंजनवेल वेगळं. चुकायचे, कुणी तपासायला जात नव्हतं. आमचं ध्येय एवढंच लिहिलेलं की नाश्त्यानंतर बाबा टेबलावर बसतील आणि अर्धा तास गुंतलेले राहतील. दुसरं ध्येय शर्ट स्वतः घालणं, त्यासाठी आमची आई कपडे घालायच्या क्रमाने रचून ठेवायची, वर बनियन मग शर्ट मग लेंगा, आणि एकावेळी एकच हातात द्यायची. बटणं जमेनाशी झाली तेव्हा टीशर्ट आणले, विषय संपला. तिसरं, अंगणात फेरी, हात धरून.

बस, तीनच. सात ओळींचा तक्ता घरात राहणाऱ्या बाईला मारतो, पेशंटचं तर सोडाच.

आणि "हा कोण सांग" हे कृपया आजच्या आज बंद करा. समोरच्याने आपणहून सांगायचं, "आई, मी तुझा धाकटा, मुंबैसून बोलतंय." ओळखलं तर ओळखलं, नाही ओळखलं तरी कुणीतरी आपलं माणूस प्रेमाने बोलतंय हे त्यांना कळतं.

मागीलदार_मालवण

अगं बाई, खरंच लिहिलं नाही. आई फुलांच्या बाई! दारात अबोली, मागे सुरंगीचं झाड, सुरंगीच्या दिवसात उजाडायच्या आत कळ्या काढून वळेसर (गजरे) करायचे आणि बाजाराच्या दिवशी नेऊन विकायचे. मेमध्ये कोकमाची सोलं घालायच्या, वर्षाच्या वाती स्वतः वळायच्या, देवळात भजनाला पुढे. रिकाम्या बसलेल्या मी त्यांना कधी पाहिल्याच नाहीत लग्न होऊन आल्यापासून. आता सुरंगी कुठली, ती फेब्रुवारी मार्चात, पण अबोली आहे.

ओटी_रत्नागिरी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, रत्नागिरीत काम करते, डिमेन्शियाची बरीच कुटुंबं बघते. वरच्या दादांनी गाभ्याचं सांगितलंच आहे, मी थोडं पद्धतीचं लिहिते. लांब होईल.

आधी एक. अल्झायमरमध्ये पाठांतराने नावं परत येत नाहीत, नवीन आठवण साठवण्याची जागाच आधी बिघडते. म्हणून "नातवंडांची नावं पाठ" हे ध्येय म्हणजे रोज नापास व्हायची सोय. उलट हाताला वळण लागलेली कामं, वाती, फुलं ओवणं, तांदूळ निवडणं, भजनाची चाल, हे मेंदूच्या वेगळ्या वाटेने साठलेलं असतं आणि खूप उशिरापर्यंत टिकतं. तुमच्या हातात खजिना आहे ताई, अबोली दारात आहे म्हणताय.

पण ध्येय ठरवायच्या आधी तब्येतीच्या काही गोष्टी बघून घ्या, नाहीतर वाती वळायचं ध्येय ठेवाल आणि बाईंना मोतीबिंदूमुळे कापूसच दिसत नसेल. डोळे, कान (कानात मळ असला तरी माणूस गोंधळलेलं वाटतं), दात किंवा कवळी, बी१२, थायरॉइड, पोट साफ होतं का, झोप, कुठे दुखतंय का. दुखणं त्या सांगतीलच असं नाही, आंघोळीला विरोध हा कधी कधी गुडघ्याचा असतो. डोनेपेझिलने काहींना भूक कमी होते, मळमळ होते, नाडी मंदावते, रात्री भलती स्वप्नं पडतात, यातलं काही असेल तर डॉक्टरना सांगा, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि मेडिकलमधून सर्दीची गोळी परस्पर आणून देऊ नका, त्यातल्या क्लोरफेनिरामिनसारख्या औषधांनी गोंधळ वाढतो, म्हाताऱ्या माणसात फार.

अजून महत्त्वाचं, चार दिवसांत अचानक बिघडल्या, एकदम सुस्त किंवा एकदम सैरभैर, तर तो डिमेन्शिया पुढे सरकला असं समजून गप्प बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन औषध, असं काहीतरी असतं आणि ते बरं होतं. त्या वेळी ध्येयंबियं बाजूला, आधी डॉक्टर.

आता ध्येय लिहायचं कसं. "आईला खूश ठेवणे" हे ध्येय नाही, "४००० पावलं" हेही नाही. असं लिहा की, दुपारचा चहा झाला की आई पडवीत बसून अबोलीचा वळेसर करतील, फुलं आणि केळीचा धागा मी आधीच ताटात मांडून देईन, आठवड्यातल्या बहुतेक दिवशी पंधरा मिनिटं तरी बसतील. यात काय, केव्हा, कोणाच्या मदतीने आणि किती, सगळं आलं. वळेसर पुरा झाला का, सरळ झाला का, हे त्यात नाही.

मोजायला एक पद्धत आहे, गोल अटेनमेंट स्केलिंग म्हणतात, १९६८ साली अमेरिकेत मानसिक आरोग्य केंद्रांच्या कामासाठी काढलेली, नंतर डिमेन्शियाच्या औषधांच्या चाचण्यांतही वापरली. प्रत्येक ध्येयाला उणे दोन ते अधिक दोन अशी पट्टी. ठरवलं तेवढं झालं तर शून्य, जास्त झालं तर अधिक एक किंवा दोन, कमी झालं तर उणे. शून्य म्हणजे नापास नाही, शून्य म्हणजे जमलं! आणि हा आजार वाढत जाणारा आहे म्हणून आज जे जमतंय तेच तीन महिन्यांनी टिकलं तरी त्याला शून्य द्यायचं, म्हणजे यशच. तुमच्या भाऊजींना एक्सेल आवडतं ना, द्या त्यांना ही पट्टी, रोज टिक नको, महिन्यातून एकदा तुम्ही दोघांनी फोनवर बसून भरायची. आईंच्या समोर नाही.

गप्पांचंही एक सांगते. कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी म्हणून एक प्रकार आहे, छोट्या गटात आठवड्यातून दोनदा, एकूण १४ सत्रं, सौम्य ते मध्यम डिमेन्शियात त्याचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलंय. घरी तसा गट जमणार नाही पण त्यातलं एक तत्त्व उचला, माहिती विचारू नका, मत विचारा. "आज वार कोणता" याला उत्तर एकच असतं आणि ते चुकतं. "बांगडा तळलेला बरा की तिखलं बरं" याला चूक उत्तरच नाही, आणि मालवणात यावर अर्धा तास आरामात जातो.

खोबरेल

एवढी औषधं कशाला, आमच्या ओळखीत एका आजोबांना रोज सकाळी दोन चमचे खोबरेल तेल आणि ब्राह्मी चालू केली, सहा महिन्यांत फरक. कोकणात घरचं तेल असताना लोक गोळ्या खातात.

ओटी_रत्नागिरी

खोबरेल तेलाने अल्झायमर सुधारतो याला भरवशाचा पुरावा नाही, तो फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. जेवणात वापरा की, घावण्यावर घाला. औषध म्हणून रोज चमच्याने पाजलं तर जुलाब आणि वजन. ब्राह्मी किंवा कुठलंही चूर्ण डोनेपेझिल आणि बीपीच्या गोळीसोबत सुरू करायच्या आधी डॉक्टरला दाखवा, एवढंच.

ठाण्याचा_चाकरमानी

वहिनी, मी तुमच्या भाऊजींच्या बाजूने थोडं बोलतो, रागावू नका.

माझी आई वेंगुर्ल्यात, दादा वहिनी बघतात. आम्ही इकडे ऑफिसात बसून काय करणार? फोन केला की एकच उत्तर, "बरी आसा." बरी म्हणजे काय? जेवली का, पडली का, रात्री झोपली का, काही कळत नाही. मग माणूस रात्री मोबाईलवर वाचत बसतो आणि त्यातून असे तक्ते निघतात. तो तक्ता आईसाठी नसतोच, तो आपल्याला काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून असतो. त्यामुळे शीट नको म्हणून सांगितलंत तर त्यांना वाटणार मला बाजूला काढतायत. तर शीट काढून घेऊ नका, कामं बदला.

आमच्याकडे मी जे उचललंय ते सांगतो. औषधं संपायच्या आधी कुरिअर, डॉक्टरची तारीख, सगळे रिपोर्ट एका फाइलला, ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं (ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण लक्षात ठेवा ते ॲडमिट झाल्यावरचं आहे, ओपीडीच्या गोळ्यांना नाही). व्हिडिओ कॉल सकाळी दहाच्या सुमारास, तेव्हा आई ताजी असते, संध्याकाळी अजिबात नाही. कॉलवर मी आईला काही विचारत नाही, मी तिला सांगतो, आज डब्यात काय होतं, लोकलमध्ये काय झालं. ती ऐकते, हसते, कधी मधेच उठून जाते. जाऊ दे.

आणि सगळ्यात मोठं, गणपतीला सगळे येतात तेव्हा वहिनीला उसंत मिळत नाही, उलट पंधरा माणसांची भांडी वाढतात. म्हणून आम्ही सण सोडून येतो. मी आणि बायको दिवाळीनंतर आठवडाभर जाऊन राहतो आणि दादा वहिनी त्या आठवड्यात घराबाहेर, कुठेही जाऊ देत. तुमच्या शीटमध्ये तुमच्या सुट्टीची एक ओळ टाका आणि तिच्यापुढे भाऊजींचं नाव लिहा. हे ध्येय पूर्ण झालं की नाही ते तर टिक करून अगदी स्वच्छ मोजता येतं 😄

देवगड_कातळ

सगळे ध्येयांबद्दल बोलतायत, विहिरीबद्दल कोणीच नाही. वहिनी, आई तिन्हीसांजेला घरी जायला निघतात म्हणताय, तुमच्या विहिरीला कठडा किती उंच आहे? आमच्या वाडीत अजून कितीतरी विहिरींना गुडघ्याएवढाच आहे. जाळी मारून घ्या, आजच. रहाटाची दोरी काढून ठेवा, नाहीतर जुन्या सवयीने पाणी काढायला जातील. मागच्या दाराला कडी वर लावा, नजरेच्या टप्प्याच्या वर, पण घरात त्यांना एकटं कोंडून बाहेर जाऊ नका, आग लागली तर?

आता पावसाचे दिवस, चिऱ्याच्या पायऱ्यांना शेवाळ, अंगणात चालायचं ध्येय ठेवलंत आणि कंबर मोडली तर सगळंच संपतं. जून ते सप्टेंबर पडवीतच फेऱ्या, खांबापासून खांबापर्यंत, चप्पल मागे पट्टा असलेली. व्हाळाच्या (ओढ्याच्या) बाजूचं बेडं (फाटक) लावून ठेवा.

गावात लपवू नका. रिक्षा स्टँडवर, एसटीच्या थांब्याजवळच्या दुकानात, शेजारच्या वाडीत सांगून ठेवा की आमची आई दिसली तर थांबवा, चहा पाजा आणि या नंबरवर फोन करा. आमच्याकडे काकीच्या ब्लाउजच्या आत नंबर शिवलेला. लोकांना सुरुवातीला म्हातारचळ म्हणून हसू येतं, पण एकदा नीट सांगितलं ना की अख्खी वाडी लक्ष ठेवते, शहरात हे होत नाही.

आणि मासे! पेडवे तारले बंद करा, काटा काढायचा विसरतात आणि घशात गेल्यावर सांगताही येत नाही. सुरमईचा मधला तुकडा किंवा मोरी, तोही हाताने चाचपून. मासे पूर्ण बंद मात्र करू नका हां, मालवणी माणसाचं मासळी बंद केलीत तर उरतं काय.

ओटी_रत्नागिरी

कातळ दादा, विहिरीचं मी लिहायला हवं तिथे तुम्ही लिहिलंत, एकदम बरोबर. काट्यांमध्ये माझी भर, जेवताना पाठ ताठ, टीव्ही बंद, घास छोटा. जेवताना वारंवार ठसका लागतो किंवा आवाज ओलसर येतो असं दिसलं तर डॉक्टरना सांगा, गिळण्याचा त्रास सुरू होत असतो. आणि पांढऱ्या वाटीत पांढरी पेज देऊ नका, त्यांना ती दिसतच नाही आणि आपण म्हणतो जेवत नाहीत. लाल किंवा निळी वाटी घ्या, फरक पडतो.

"घरी जायचंय" यावर थोडं. "हेच तुझं घर" असं समजावून उपयोग होत नाही, भांडण होतं. त्या वेळी बहुतेकदा थकवा, भूक, अंधुक प्रकाश आणि सावल्या यांनी जीव घाबरलेला असतो. दिवा अंधार पडायच्या आधी लावा, सगळ्या पडवीत प्रकाश पडेल असा मोठा. लाइट जातेच आपल्याकडे पावसात, तर चार्जिंगचा कंदील हाताशी ठेवा. चार साडेचारला काहीतरी पोटात जाऊ दे. आणि माहेरचं विचारा, अंगणात काय होतं, विहिरीचं पाणी गोड होतं का. पुष्कळदा बोलता बोलता निघायचं राहून जातं. नाही राहिलं तर हात धरून बेड्यापर्यंत एक फेरी मारून परत या. हे ध्येय म्हणूनही लिहिता येईल, फक्त "घरी जायचं म्हणणार नाहीत" असं लिहू नका, ते आपल्या हातात नाही. "तिन्हीसांजेला कोणीतरी एक जण आईंजवळ बसलेलं असेल" हे लिहा, हे आपल्या हातात आहे. बारावीतला मुलगा आहे ना घरात, पुस्तक घेऊन पडवीत बसू दे.

बाकी साखर बंद हे कशासाठी? शुगर नाही म्हणताय. ७६ व्या वर्षी खापरोळी, शिरवाळ्यांचा रस काढून घेऊन आपण काय मिळवतो मला समजत नाही. हल्लीच्या संशोधनात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला टाळता किंवा सांभाळता येणाऱ्या गोष्टींची यादी सगळीकडे फिरते, २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगाने असे १४ घटक सांगितले, बीपी, मधुमेह, बहिरेपणा, कमी शिक्षण, एकटेपणा असे. ती यादी मुख्यतः ज्यांना अजून आजार नाही त्यांच्यासाठी. म्हणजे ती भाऊजींनी स्वतःला लावून घ्यावी. आईंच्या बाबतीत बीपी नीट ठेवणं, कान तपासणं, माणसांत ठेवणं एवढं घ्या.

आणि ताई, हे फक्त तुमच्या घरात नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास, आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. तुमच्याच पंचक्रोशीत चार घरं निघतील. तुमचं स्वतःचं मन फारच खचलं तर टेलिमानस (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ कधीही लावता येतो, ज्येष्ठांच्या बाकीच्या अडचणींसाठी १४५६७ आहे.

मागीलदार_मालवण

चतुर्थी झाली, मंडळी परत गेली, आता जरा टेकलेय म्हणून लिहितेय. सगळ्यांचे खूप आभार, वाचून वाचून पाठ झालंय.

विहिरीला जाळी लागली, मिस्टरांनी त्याच आठवड्यात करून घेतली. कानातून एवढा मळ निघाला की डॉक्टरच हसले, त्यानंतर आई टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायला लागल्या!

शीट आता तीन ओळींची. पहिली वळेसर, दुसरी पडवीत फेऱ्या, तिसरी तिन्हीसांजेला मुलगा सोबत. वळेसराचं सांगते, पहिल्या दिवशी ताट पुढे ठेवलं तर बघतच बसल्या, हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाकडातिकडा करायला घेतला तर माझ्या हातातून ओढून घेतला, "ह्यो सैल झालो गो, असो नाय" म्हणून. बोटं अशी चालत होती की मला वाटलं दोन वर्षांपूर्वीच्याच आई. रोज होतं असं नाही. कधी फुलं तोडून कुस्करतात, कधी ताट सरकवून देतात. पट्टीवर शून्य दिलंय. फेऱ्यांना उणे एक, पाऊस थांबत नव्हता आणि गुडघा दुखतो म्हणाल्या, तेही आता दाखवायचंय. सोबतीला अधिक एक, मुलाचं रसायनशास्त्र आईंनी एवढं ऐकलंय की काही विचारू नका.

आरतीला घरात तीस माणसं, टाळ, झांजा, आई घाबरतील म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवणार होतो. पण त्यांना दाराजवळ खुर्ची दिली आणि जाऊबाईंना सांगितलं की चेहरा कसनुसा झाला की आत न्यायचं. पहिल्या आरतीपर्यंत टाळ्या वाजवल्या, शब्द सगळे पाठ, नंतर आत गेल्या. बास झालं.

भाऊजींचं. मी काही बोलले नाही, ठाण्याच्या दादांचा मेसेजच मिस्टरांनी त्यांना पाठवला. दोन दिवस गप्प होते. मग स्वतःच म्हणाले पट्टी मी भरतो दर महिन्याला, तू फक्त सांग. नोव्हेंबरात आठ दिवस ते आणि जाऊबाई येऊन राहणार, मी माहेरी जाणार कणकवलीला. तिकिटं काढलीत म्हणाले, आल्यावर खरं. पावलांचं मात्र अजून विचारतात, आईच्या हातात घड्याळ बांधू का म्हणून. बघू.

एकच अडलंय, आंघोळ. ओटी ताई, गुडघ्याचं तुम्ही म्हणालात ते असेलही, पण डोक्यावर पाणी घेतलं की किंचाळतात आणि मला मारायला येतात. केस धुवायचे कसे?

ओटी_रत्नागिरी

वा, शून्य देताना हात आखडला नाहीत ते बरं केलंत. आणि हातात घड्याळ बांधू नका, काढून विहिरीत टाकतील.

आंघोळ रोज हवीच असं नाही. आठवड्यातून दोन तीनदा पूर्ण, बाकीच्या दिवशी कोमट ओल्या पंचाने तोंड, काखा, मांड्या, पाय पुसले तरी चालतं. आधी न्हाणीत सगळं मांडून ठेवा, मग त्यांना न्या, थंडगार न्हाणीत उभं करून बादली शोधत बसलो तर कोणीही चिडेल. पूर्वी भाणातलं (चुलीवर पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातलं) पाणी घ्यायच्या का? तर तेच द्या, गीझरचा नळ आणि शॉवर त्यांच्या ओळखीचे नाहीत. बसायला प्लास्टिकची खुर्ची, खाली रबरी मॅट. खांद्यावर पंचा राहू दे, पूर्ण उघडं केलं की लाज आणि थंडी दोन्ही. तांब्या त्यांच्या हातात द्या, पाणी पायापासून सुरू करा, मग गुडघे, मग हात. डोकं त्या दिवशी नाहीच.

केस वेगळ्या दिवशी, पडवीत, ऊन असताना. आधी तेल लावून द्या, तेल लावून घ्यायला बहुतेक बायका नाही म्हणत नाहीत. मग मान मागे टेकवून, कपाळावर घडी केलेला पंचा धरून, तांब्याने थोडं थोडं पाणी मागच्या बाजूने, डोळ्यांवर येता कामा नये. पाण्याचा अचानक मारा चेहऱ्यावर आला की त्यांना बुडतोय असं वाटतं, म्हणून किंचाळणं. तरी नकोच म्हणाल्या तर थांबा, तासाभराने परत विचारा, मघाचं त्यांच्या लक्षात नसतं. आणि केस लांब असतील तर त्यांना विचारून खांद्यापर्यंत कापून घ्या, पण विचारून. गुडघा दाखवलात की काय सांगतात ते इथे टाका.

मागीलदार_मालवण

भाण आहे अजून, माळ्यावर टाकलंय, उद्या कल्हईवाला मिळतो का बघते. केस कापायचं काही होणार नाही, अंबाडा आहे आणि त्यात फूल लागतं 😀 गुडघ्याची तारीख सोमवारची मिळालीय, सांगते.